कोण कोणाचं कोण

लग्नाचे फोटो काढायचं काम लग्नाच्या दिवशी संपतं, असं ज्याला वाटत असेल त्याने आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा धंदा कधी केलेला नाही. त्या दिवशी संपते ती फक्त धावपळ. खरं काम नंतरचं. मांडव सुटायचा, भाड्याची भांडी परत जायची, पाहुणे आपापल्या गावी पोचायचे आणि मग एक दिवस त्या घरून फोन यायचा, "भाऊ, या आता फोटो घेऊन. बसू." या बसण्याला आमच्याकडे सिलेक्शन म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी रीत अगदी घरची.

रोलच्या जमान्यात मी फोटोंचे गठ्ठे पिशवीत घालून न्यायचो, पुढे लॅपटॉप आला. बाकी सगळं तेच. घरातले सगळे, शेजारचे दोन-चार, सासरहून मुद्दाम बोलावलेली नवरी, असे गोल करून बसायचे. शेकड्यांनी काढलेल्या फोटोंतून अल्बमात कोणते घ्यायचे ते ठरवायचं, इतकंच काम. पण नुसता फोटो पाहून कोणी पुढे जाईल तर शपथ. फोटोतलं माणूस कोण, कोणाचं कोण लागतं, लग्नाला वेळेवर आलं की जेवणाच्या वेळी, कशावरून रुसलं, कोणी समजूत काढली, हे सांगितल्याशिवाय ते पुढचा फोटो लावूच द्यायचे नाहीत. आणि सांगायचं कोणाला? घरच्यांना तर सगळं ठाऊक. सांगायचं मला.

मी मधोमध बसून बटण दाबत राहायचो आणि ऐकत राहायचो. एवढ्या वर्षांत दारव्हा आणि कळंब तालुक्यातली निम्मी नातीगोती माझ्या डोक्यात येऊन बसली. बाजारात एखादी बाई भाजी निवडताना दिसली की मला कळतं, ही अमक्या गावच्या नवरीची मोठी मावशी, लग्नात हिची चप्पल हरवली होती आणि ती हिने जावयाकडून भरून घेतली होती. ती मला ओळखत नाही. ओळखलंच तर "फोटोवाले भाऊ" म्हणून ओळखते. माझं खरं नाव या भागात फार थोड्यांना माहीत असेल, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

माझा स्टुडिओ बोरी अरबला, बाजाराच्या रस्त्यावर. मागच्या दोन खोल्यांत मी राहतो. बायको होती तेव्हा सिलेक्शनच्या दिवशी ती माझ्यापुरती भाकर टाकायचीच नाही. "तुमचं आज तिकडंच होते ना," म्हणायची, आणि स्वतःपुरतं काहीतरी करून खायची. तिकडे खरंच जेवण असायचं. लोक फोटोवाल्याला जेवल्याशिवाय सोडत नसत. बायको काही वर्षांपूर्वी गेली. मुलगी पुण्यात कम्प्युटरच्या कंपनीत आहे, तिचं सगळं बरं चाललंय, ती रोज फोन करते आणि रोज विचारते, "बाबा, जेवले काय?" मी रोज हो म्हणतो. ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण एकट्याने ताट घेऊन टीव्हीसमोर बसण्याला जेवण म्हणायला जीभ रेटत नाही. बायको गेल्यावर मी लग्नापेक्षा सिलेक्शनची वाट पाहायला लागलो. हे मी कोणाला सांगितलं नाही. फोटोवाला जेवायला आणि गप्पांना हपापलेला असतो असं कळलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल?

कळंबच्या अलीकडे एका गावात एक घर आहे. कापूस आणि तूर पिकवणारं, खाऊन-पिऊन सुखी. त्या घरची दोन लग्नं मी केली होती, आधी मोठ्या मुलीचं, मग मुलाचं. त्या घरात सिलेक्शनचा सगळा कारभार आत्याबाईंकडे. आत्याबाई म्हणजे नवरीच्या बापाची मोठी बहीण. फार लहान वयात विधवा होऊन भावाकडे आल्या त्या तिथल्याच झाल्या. डोक्यावरचा पदर कधी ढळणार नाही आणि तोंड कधी थांबणार नाही, अशी बाई. मोठ्या मुलीच्या वेळी आम्ही पुढच्या खोलीत बसलो होतो. तेव्हा कापूस घरात आलेला होता, अर्धी खोली त्यानेच भरलेली, आणि सगळे त्याला टेकून फोटो पाहत होते. एका चुलत्याचा फोटो आला तसा घरचा मालक म्हणाला, "हा काढून टाका." शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांचं भांडण होतं.

"काहून काढता?" आत्याबाई म्हणाल्या. "ठेवा थाचा बी. लग्नाले आला ना थो? भांडन धुऱ्याचं हाय, फोटोचं नाई."

तो फोटो राहिला. मुलाच्या लग्नात तोच चुलता पंगतीत वाढायला होता. दुसरा एक फोटो होता, त्यात नवरीची आई अक्षदा टाकताना डोळे मिटून उभी. मी म्हणालो, डोळे मिटलेत, खराब आहे. आत्याबाई म्हणाल्या, "मिटले नाईत, मिटून घेतले. पोरगी जाते तं का डोये फाडून पाहीन माय?" तोही ठेवला. रात्रीच्या आत घरी पोचायचं म्हणून मी उठू लागलो की त्या डबा पुढे करायच्या. बायको गेल्यानंतर तो डबा मोठा झाला, हे माझ्या लक्षात आलं होतं. बोललं कोणीच नाही.

गेल्या दिवाळीत मुलगी आली आणि तिने माझ्या कम्प्युटरवर ते नवं सॉफ्टवेअर टाकून दिलं. "बाबा, आता सगळीकडे एआयच आहे. तुम्ही नाही घेतलं तर तुमचे गिऱ्हाईक दुसरीकडे जातील." ती खोटं बोलत नव्हती. यवतमाळच्या पोरांनी ते केव्हाच घेतलं होतं. एका जुन्या लग्नाचे सगळे फोटो तिने त्यात टाकले आणि आम्ही चहा करून येईपर्यंत त्याने काम संपवलं होतं. हललेले फोटो बाजूला, मिटलेल्या डोळ्यांचे बाजूला, एकसारख्या दहा फोटोंतून सगळ्यात हसरा एक पुढे. चेहऱ्यावरचा घाम पुसलेला, मांडवाच्या पिवळ्या उजेडात पिवळी पडलेली माणसं परत माणसांच्या रंगाला आलेली. ज्या कामाला मी दिवसच्या दिवस पाठ मोडून बसायचो, ते झालेलं. मी मनापासून चाट पडलो. जे चांगलं आहे त्याला नावं ठेवायची मला सवय नाही.

मग तिने चेहरे दाखवले. स्क्रीनवर बांगडीएवढी गोल गोल तोंडं ओळीने मांडलेली, प्रत्येकाखाली व्यक्ती एक, व्यक्ती दोन, असं लिहिलेलं. एका तोंडावर दाबलं की त्या माणसाचे लग्नातले सगळे फोटो समोर. मांडवाच्या दारात एक स्कॅनर लावायचा, पाहुण्याने मोबाईल धरून स्वतःचं तोंड दाखवायचं, की त्याचे फोटो त्याच्याकडे. मुलगी म्हणाली, "तुम्हाला कोणाला काही विचारायचीसुद्धा गरज नाही." तिला वाटलं मला आनंद होईल. मी मान हलवली.

तुळशीचं लग्न झालं आणि सीझन सुरू झाला. त्यातच कळंबकडच्या त्या घरच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. मांडवाच्या दारात मी स्कॅनरचा फलक उभा केला. अक्षदा पडून पंगती बसेपर्यंत निम्म्या मांडवाच्या हातात आपापले फोटो होते. पोरं-पोरी खूश, जानवशातले पाहुणे खूश. नवरीचा भाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, लय भारी सिस्टम आणली तुमी. आता अल्बमचं टेन्शनच नाई. आमी मोबाईलवरच टिक करून देतो." मी हसून म्हणालो, "करा ना." आणखी काय म्हणणार होतो? सिस्टम माझीच होती.

आत्याबाई त्या दिवशी हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळीकडे होत्या. जाता-येता मला एकदा म्हणाल्या, "भाऊ, या मंग." मी म्हणालो, "येतोच ना." मला वाटलं, टिक करोत नाहीतर न करोत, या घरी बसणं होणारच.

आठवड्याच्या आत नवरीच्या भावाने फोटोंवर टिका लावून पाठवल्या. सॉफ्टवेअरने त्यातून अल्बमची पानं जुळवली, भावाने मोबाईलवर पाहून अंगठा पाठवला आणि मी नागपूरच्या लॅबला फाइल पाठवून दिली. संपलं. त्या लग्नात माझं म्हणून एकही काम उरलं नाही. तरी मी लॅपटॉप चार्ज करून ठेवत होतो. फोन वाजला की आधी नंबर पाहायचो. साखरपुड्याची चौकशी, पासपोर्ट फोटोचं विचारणारा, मुलगी. कळंबचा नाही. मला राग यायला लागला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना. त्यांनी काय वाकडं केलं होतं? त्यांचं काम घरबसल्या झालं होतं. मीच तर करून दिलं होतं.

तशा एका दुपारी, दुकानात कोणी नव्हतं तेव्हा, मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी स्वतःचं तोंड त्या स्कॅनरला दाखवलं. पाहावं म्हटलं आपण कुठे दिसतो का. त्याने थोडा विचार केला आणि माझ्यापुढे चक्क ढीगभर फोटो टाकले. मी चष्मा पुसून पाहिलं. माझ्यासारखंच टक्कल, माझ्यासारख्याच पांढऱ्या मिशा, पण माणूस वेगळाच. नवऱ्याकडचा कोणी असावा. बरोबर आहे, दोन म्हातारे सारखेच दिसतात, मशीनने तरी किती बारकाईने पाहावं. मी बंद करणार होतो, पण केलं नाही. तो गृहस्थ वरातीत रुमाल फिरवून नाचत होता. पंगतीत जिलबीला नको नको म्हणत होता आणि वाढपी त्याच्या ताटात घालतच होता. एका फोटोत नातू मांडीवर झोपलेला. दुसऱ्यात बायकोने त्याची टोपी सरळ केलेली. मी शेवटपर्यंत सगळे पाहिले. लग्नात मी इतका मजेत कधी नव्हतो.

आणि मग एक गोष्ट मनाला लागली. हे सगळे फोटो मी काढले होते. दिवसभर मी त्या माणसाच्या मागेपुढे होतो. पण तो कोण, नवऱ्याचा काका की मामा, ते मला माहीत नव्हतं. पूर्वी सिलेक्शनला कोणीतरी सांगितलं असतं. त्याच्याखाली लिहिलं होतं, व्यक्ती सत्तावीस.

फोन आला तो त्यानंतर दोन-चार दिवसांनी. दुकान नुकतं उघडलं होतं.

"कोन, फोटोवाले भाऊ काय?"

आवाज ओळखला. "हो आत्याबाई, बोला."

"काय बोलू? तुमी माहा एक बी फोटो काढला नाई."

"असं कसं होईन जी?"

"मंग मोबाईल काहून म्हनते का ह्या तोंडाची बाई लग्नातच नव्हती? पोट्ट्यानं माह्या तोंडापुढं धरला मोबाईल. काईच नाई आलं. मी का दिवसभर चुलीपाशी बसून होती?"

त्या रागावल्या होत्या, निदान आवाज तसा होता. बोलता बोलता मी कम्प्युटर चालू केला आणि ते लग्न उघडलं. गोल तोंडांच्या ओळीत त्या चौथ्याच होत्या. डोक्यावर पदर, जाड चष्मा, तोंड उघडं, कोणाला तरी काहीतरी सांगताना. दाबलं तर सगळे फोटो आले, हळदीचे, अक्षदांचे, आहेराचे, पाठवणीचे. मशीनने एकही सोडला नव्हता. एका बोटाने मी ते सगळे त्यांच्या मोबाईलवर पाठवू शकत होतो, फोन चालू असताना.

"आत्याबाई," मी म्हणालो, "हे मोबाईलवर नाई जमायचं. कम्प्युटरवर एकेक पाहून शोधा लागन. मलेच या लागन."

"मंग या ना बाप्पा. उद्या या. जेवाले या."

फोन ठेवला तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. तशी ती वाटली नाही. मी सरळ न्हाव्याकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलला लॅपटॉपची बॅग बांधली आणि निघालो. लोहाऱ्याला कारखान्यांची पाळी सुटत होती, त्या गर्दीतून वाट काढत यवतमाळ ओलांडलं. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी, कुठे कुठे कापसाची वेचणी चाललेली. रस्त्यात मी ठरवून टाकलं होतं की एकदम त्यांच्या तोंडावर दाबायचं नाही. पहिल्या फोटोपासून सुरुवात करायची. हळदीची सकाळ, मांडवाचा पहिला खांब, सगळं. दुपार पुरली नाही तर संध्याकाळ होईल.

घरी पोचलो तर दारात एकही चप्पल नव्हती. हाक मारली तशा आत्याबाई बाहेर आल्या. इस्त्रीचं लुगडं नेसलेल्या.

"बाकीचे कुठं गेले जी?"

"भाऊ अन् वयनी पोरीचा संसार लावून द्याले पुन्याले गेले. पोट्टा अन् सून लोहाऱ्याले खोली घेऊन राह्यले, तिकडं कंपनीत नोकरी लागली ना थाले. रईवारी येतात." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "मीच हाओ."

पुढच्या खोलीत कापूस भरला होता, पूर्वीसारखाच. त्याला टेकणारं कोणी नव्हतं. जेवायला त्यांनी सोले-वांग्याची भाजी केली होती, तुरीचे ओले दाणे घालून, आणि भाकरी एवढ्या की चौघांना पुरल्या असत्या. मी पोटभर जेवलो. त्या समोर बसून वाढत होत्या आणि मी नको म्हणत होतो आणि त्या घालतच होत्या. मग त्यांनी उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात आणली, मी लॅपटॉप खाटेवर मांडला आणि आम्ही बसलो.

"शोधा लागन," मी म्हणालो. "वेळ लागन जरा."

"लागू द्या. घाई कोनाले हाय?"

पहिला फोटो लावला. त्यांनी चष्मा पुसला, पदर सारखा केला आणि सुरुवात केली. हळद वाटणाऱ्या बायकांतली कोणती कोणाची जाऊ, कोणी आपली पाटा-वरवंट्याची जागा सोडली नाही म्हणून कोण तोंड फिरवून बसली. नवऱ्याच्या मावशीने आल्या आल्या विचारलं की पाण्याची व्यवस्था काय, आणि त्यावरून इकडच्या मामाचं डोकं कसं फिरलं. मी सॉफ्टवेअरने बाजूला टाकलेले फोटोसुद्धा उघडले. हललेले, अंधारे, मिटलेल्या डोळ्यांचे. एका हललेल्या फोटोत घरचा मालक मांडवाच्या खांबाकडे तोंड करून उभा होता.

"रडून राह्यला थो," आत्याबाई म्हणाल्या. "मले सांगे का डोयात धूर गेला. धूर कुठचा आला बाप्पा, गॅसवर तं स्वयंपाक होता." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा घ्या अल्बमात."

मी वहीत लिहून घेतल्यासारखं केलं. अल्बम नागपूरला छापायला जाऊन किती तरी दिवस झाले होते. हे त्यांना ठाऊक नसावं असं मी धरून चाललो होतो, आणि सांगायची हिंमत मला झाली नाही. त्यांचा स्वतःचा फोटो आला की मी म्हणायचो, "हे पाहा, सापडल्या," आणि त्या म्हणायच्या, "हो, हे तं मीच." आणि पुढे. स्वतःच्या फोटोवर त्या इतरांच्या फोटोइतक्यासुद्धा रेंगाळत नव्हत्या. मला त्याचं जरा नवल वाटलं.

चहा ठेवायला त्या आत गेल्या. त्यांचा मोबाईल खाटेवर शेंगांच्या परातीशेजारी पडला होता, तो वाजायला लागला. भाच्याचा फोन. मी सहज तिकडे पाहिलं. रिंग वाजून बंद झाली आणि मागे मोबाईलच्या पडद्यावर लावलेला फोटो दिसला. नवरीच्या गालाला हळद लावणाऱ्या आत्याबाई, दोघी हसताहेत, मागे पिवळा मांडव. माझा फोटो. त्याच लग्नातला. भाच्याने त्यांना सगळं केव्हाच काढून दिलं होतं, आणि लावूनसुद्धा दिलं होतं.

त्या चहाचे कप घेऊन आल्या. "कोनाचा होता?"

"पोराचा असन," मी म्हणालो.

त्यांनी मोबाईलकडे पाहिलं. पडदा अजून उजळलेला होता. मग माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. त्यांनी मोबाईल उचलून उशीखाली ठेवला.

"लावा पुढचा," त्या म्हणाल्या.

मी पुढचा लावला. दोघंही जास्तच मन लावून पाहू लागलो. मला त्यांचा राग आला नाही. मी बॅग बांधून एवढ्या लांब ज्या खोट्यासाठी आलो होतो, तेच खोटं त्यांनी माझ्या आधी बोलून ठेवलं होतं. त्यांना मी यायला हवा होतो आणि मला कोणीतरी बोलवायला हवं होतं, आणि एवढं सरळ म्हणता येईल असं कोणतंच नातं आमच्यात नव्हतं. फोटोवाल्याला उगाच कोण बोलावतं?

कितीही हळू लावले तरी फोटो संपतात. पाठवणीचा शेवटचा आला, गाडीच्या मागच्या काचेतून नवरीचा हात. त्यांनी तोही पाहून घेतला.

"झाले?"

"झाले."

बाहेर उन्हं कलली होती. परातीत शेंगांची टरफलं उरली होती. मी उठायला हवं होतं. लॅपटॉपचं झाकण लावायला हात पुढे केला, तशा त्या म्हणाल्या, "भाऊ, दुसरं कोनाचं लगीन हाय काय त्याच्यात?"

"दुसरं?"

"कोनाचं बी चालते."

माझ्याकडे दुसरी पुष्कळ होती. त्याच महिन्यात दिग्रसकडे एक मोठं लग्न केलं होतं, तिथेही स्कॅनर, तिथेही मोबाईलवर टिका. ते मी उघडलं. पहिल्याच फोटोत जांभळ्या साडीतली एक बाई कलश घेऊन उभी होती, डोळे पाण्याने भरलेले.

"हे कोन होय?" आत्याबाईंनी विचारलं.

"मले नाई माहीत जी."

"नवरीची माय?"

"नाई, माय नसन. माय दुसरी होती वाटते."

मी पुढचा लावला. एक म्हातारा नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होता. त्यांनी पुन्हा विचारलं. मला पुन्हा सांगता आलं नाही. तिसरा, चौथा. एकाही माणसाचं मी काही सांगू शकलो नाही. त्या माझ्याकडे वळल्या. रागावून नाही, खरंच न कळून.

"काहून भाऊ? तुमी होते ना थितं?"

"होतो ना जी," मी म्हणालो. "दिवसभर होतो."

इतकं एकटं मला रिकाम्या घरातही कधी वाटलं नव्हतं. मी नुसतंच बटण दाबत परत त्या म्हाताऱ्याच्या फोटोवर आलो. आत्याबाईंनी खाटेवर सरकून घेतलं, लॅपटॉप आपल्याकडे जरासा वळवला आणि स्क्रीनजवळ तोंड नेऊन त्या म्हाताऱ्याकडे निरखून पाहिलं.

"हा मामा होय," त्या म्हणाल्या. "मोठा मामा. पाहा ना, सदरा नवा हाय पन धोतर जुनंच हाय. ह्याची बायको मेली असन औंदा, नाईतं असं येऊ दिलं नसतं तिनं. अन् थे जांभयी साडीवाली, थे मावशी. तिनंच पोरीले वाढवलं असन, म्हनून तं रडते. मांगं करा, पुन्हा पाहू तिले."

मी मागे केलं. ती जांभळ्या साडीतली बाई परत आली.

"मावशीच होय," मी म्हणालो. "नवरीच्या मायसारखंच नाक हाय पाहा."

"आता तुमी बरोबर सांगतलं," त्या म्हणाल्या, आणि शेंगांची परात पुन्हा भरून आणायला उठल्या.